लिनक्सवर झॅबिक्स बसता बसेना, बसलं तर रात्रभर टिकेना

पागोळी
मंगळवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे. आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

मी गोव्यात, वाळपईच्या पलीकडे, सत्तरीतल्या चार-पाच गावांत केबल आणि इंटरनेट चालवतो. वडिलांनी केबल सुरू केली, मी फायबर ओढली. एक ओएलटी (सगळ्या घरांची फायबर जिथे येऊन मिळते ती मुख्य पेटी), तिच्यावर ३४० घरं, आणि जुन्या काळातले ४६ स्विच अजून खांबांवरच्या पेट्यांत तग धरून आहेत. मिरग लागला की आमची परीक्षा सुरू. कुठेतरी फणसाची फांदी मोडते, फायबर तुटते, आणि मला ते गिऱ्हाइकाच्या फोनवरून कळतं. तोही आधी दोन शिव्या हासडतो, मग गावाचं नाव सांगतो. यंदा ठरवलं, त्याच्याआधी आपल्याला कळलं पाहिजे. म्हणून झॅबिक्स, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवून काही पडलं की कळवणारा प्रोग्रॅम.

दुकानातला जुना पीसी घेतला. चार जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. त्यावर उबंटू २२.०४, मायएसक्यूएल ८ आणि झॅबिक्स ६.०. एक जुना लेख समोर ठेवून एकेक पायरी केली. शेवटी सर्व्हर सुरू केला तर उठतो आणि पडतो. दहा सेकंदांनी परत उठतो, परत पडतो. सिस्टिमसीटीएलला विचारलं की लाल अक्षरांत 'फेल्ड'. तीनदा सगळं उपटून परत बसवलं, तीनदा तेच. बायको म्हणते, एवढ्यात खांबावर चढून सगळ्या पेट्या बघून आला असतास.

संकेतस्थळाचा देवनागरीचा नियम आहे म्हणून कमांडीही देवनागरीत लिहितोय, सांभाळून घ्या.

सुशेगाद
रात्री ११:२०

जागा धरून ठेवतो. आमच्याकडे करंट गेलाय, वाचायला वेळच वेळ आहे.

रात्रपाळी
रात्री ११:४१

वेर्ण्यात एका कारखान्याची सर्व्हर रूम सांभाळतो, रात्रीचा इथेच असतो. तुम्ही दिलेल्या माहितीत 'पडतो' याच्यापुढे काही नाही. डॉक्टरकडे जाऊन 'बरं वाटत नाही' एवढंच सांगून गप्प बसल्यासारखं झालं. झॅबिक्सची स्वतःची लॉग फाइल असते, व्हार, मग लॉग, मग झॅबिक्स या फोल्डरात. तिच्या शेवटच्या वीस ओळी द्या. आणि चौथ्यांदा उपटू नका. पॅकेज काढून परत टाकल्याने डेटाबेस आणि कॉन्फ फाइल बहुतेक वेळा जशीच्या तशी राहते, म्हणजे आजार तोच.

पागोळी
रात्री ११:५८

ही ओळ परत परत येतेय, मराठीत सांगतो: 'झॅबिक्स नावाचा डेटाबेस वापरता येत नाही, त्यातलं यूझर्स टेबल रिकामं आहे, हा प्रॉक्सीचा डेटाबेस आहे का?' प्रॉक्सी म्हणजे सर्व्हरच्या वतीने आकडे गोळा करणारा झॅबिक्सचा मदतनीस ना? ती तर मी बसवलेलीच नाही!

अबोली
बुधवार, सकाळी ७:३०

प्रॉक्सीच्या नादाला लागू नका, तो सर्व्हरचा नुसता अंदाज आहे. त्याला यूझर्स टेबलात एकही माणूस दिसला नाही, म्हणून तो म्हणतो, चुकून दुसऱ्याच घरात आलो का. खरी गोष्ट अशी की तुमचा स्कीमा, म्हणजे डेटाबेसातल्या टेबलांचा आराखडा, अर्धवट चढलाय. झीकॅट करून सर्व्हरची एसक्यूएल फाइल मायएसक्यूएलमध्ये ओतली असेल ना, तेव्हा 'एरर १४१९' अशी एक ओळ आली होती का? सुपर प्रिव्हिलेज नाही आणि बायनरी लॉगिंग चालू आहे, अशा अर्थाची?

मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग, म्हणजे डेटाबेसातल्या बदलांची नोंदवही, मुळातच चालू असतो. झॅबिक्सच्या स्कीम्यात ट्रिगर (टेबल बदललं की डेटाबेसने आपोआप करायची कामं) आहेत, आणि लॉग चालू असताना साध्या यूझरला ट्रिगर बनवायला तो आडवा येतो. फाइल तिथेच थांबते. टेबलं बनलेली दिसतात म्हणून माणसाला वाटतं झालं काम. पण आत ॲडमिन हा यूझर भरायची पायरी फाइलच्या शेवटाकडे असते, तिथवर गाडी पोचलेलीच नसते.

पागोळी
सकाळी ८:०५

आली होती! मला वाटलं वॉर्निंग आहे. नंतर तीच फाइल परत ओतली तर 'टेबल आधीच आहे' म्हणाला, म्हटलं मग झालंच असणार.

अबोली
सकाळी ८:१९

अर्ध्या भाकरीवर परत पीठ थापून भाकरी होत नाही. डेटाबेस ड्रॉप करा, कोरा बनवा. बनवताना कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ आणि कोलेशन त्याचंच बिन. मग रूट म्हणून लॉग-बिन-ट्रस्ट-फंक्शन-क्रिएटर्स हा ग्लोबल १ करा, फाइल ओता, संपली की परत ० करा. ओतायला जुन्या डिस्कवर बराच वेळ लागेल, स्क्रीन थिजल्यासारखी दिसेल. कंट्रोल-सी दाबायचा मोह आवरा. दुरून एसएसएचने करत असाल तर टीमक्सच्या आत करा, नाहीतर लाइन तुटली की पुन्हा अर्धी भाकरी.

दोन_तारा
सकाळी ९:४४

२०२० नंतर हे सगळं हाताने कोण करतं? डॉकर कंपोझ घ्या, सगळं तयार कंटेनरमध्ये बांधून मिळतं, पाच मिनिटांत काम. पुण्यात आम्ही सगळीकडे तेच करतो.

रात्रपाळी
सकाळी १०:०२

चार जीबीच्या पीसीवर, पहिल्यांदाच बसवणाऱ्या माणसाला, वर एक डॉकर शिकवायचा? कंटेनर पडला तर लॉग कुठे बघायचा हे सांगायला परत आपणच. त्यांना चालेल ते चालू द्या.

पागोळी
बुधवार, दुपारी ३:१५

अबोलीताई, देव बरे करो! ॲडमिन लॉगिन झालं. पासवर्ड लगेच बदलला, छापील पासवर्ड सगळ्या जगाला माहीत आहे एवढं मलाही कळतं.

आता नवी गंमत. ४६ च्या ४६ स्विचना पिंग लागत नाही म्हणतो. हाताने चार-पाचांना पिंग करून बघितलं तर ते जिवंत.

रात्रपाळी
दुपारी ३:४०

पिंग करायला झॅबिक्स एफपिंग नावाचा वेगळा प्रोग्रॅम बोलावतो. तुमची कॉन्फ फाइल कुठून आली? पॅकेजबरोबर आलेली की त्या लेखातून?

पागोळी
दुपारी ३:४४

लेखातून. पूर्ण फाइल तशीच चिकटवली. लेख सेंटओएसवरचा होता, पण म्हटलं लिनक्स ते लिनक्स.

रात्रपाळी
दुपारी ३:५२

तिथेच. त्या फाइलीत एफपिंग यूएसआरखालच्या एसबिनमध्ये आहे असं लिहिलेलं असणार. उबंटूत तो यूएसआरखालच्या नुसत्या बिनमध्ये असतो. एफपिंगलोकेशनची ओळ सुधारा, सर्व्हर रीस्टार्ट करा. आणि त्या उसन्या फाइलीत आणखी काय काय आहे देव जाणे. जमलं तर पॅकेजची मूळ फाइल परत आणा आणि फक्त डेटाबेसचा पासवर्ड तेवढा भरा.

पागोळी
दुपारी ४:१०

एफपिंग लागला. ४६ पैकी ४३ हिरवे. उरलेले तीन खरोखरच मेलेले निघाले, त्यातला एक म्हणे गेल्या चवथीपासून. त्या वाड्यावरून तक्रार कशी नाही आली?

सुशेगाद
दुपारी ४:१३

तिथले लोक शेजाऱ्याचं वायफाय वापरतात.

पागोळी
शुक्रवार, सकाळी ६:२०

पदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला तेव्हा उठून पीसीपुढे बसलोय. काल रात्री झॅबिक्स क्रॅश. परवाही. ग्राफमध्ये २:३५ ते २:५० असं भोक. सकाळी बघतो तर आपोआप चालू झालेलं. लॉगमध्ये 'डेटाबेस इज डाउन, दहा सेकंदांत परत जोडतो' अशा ओळींची माळ. झॅबिक्सला काही लायकी आहे की नाही? दुसरं काही बघू का?

मानकुराद
सकाळी ७:०२

म्हापशाहून. पोरा, तुझ्याच लॉगमध्ये लिहिलंय की डेटाबेस गेला. झॅबिक्स बिचारा बाहेर दारावर दर दहा सेकंदांनी टकटक करत उभा होता. मेला कोण आणि आरोपी कोण!

रात्रपाळी
सकाळी ७:१०

काकांचं बरोबर. आता कर्नलला विचारा. जर्नलसीटीएल, मग डॅश के, आणि त्यात 'किल्ड प्रोसेस' शोधा. २:३५ च्या आसपास. आणि रोज ठरल्या वेळी येणारा चोर घरातलाच असतो. अडीचला क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) काय लावलंय?

पागोळी
सकाळी ७:३१

'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस', आणि कंसात मायएसक्यूएलडी. अडीचला मीच बॅकअप लावलाय, मायएसक्यूएलडम्प आणि जीझिप. पण डम्पला एवढी रॅम कशाला लागेल?

अबोली
सकाळी ९:०५

डम्पला फार लागत नाही. इनोडीबी बफर पूल साइझ, म्हणजे टेबलांची पानं ठेवायला मायएसक्यूएल रॅममध्ये धरतो ती जागा, किती ठेवलीय ते सांगा.

पागोळी
सकाळी ९:१२

३ जीबी. लेखात होतं, रॅमच्या ७० ते ८० टक्के द्या.

अबोली
सकाळी ९:३८

तो सल्ला खोटा नाही, पण ज्या मशीनवर डेटाबेसशिवाय दुसरं काहीच नाही तिच्यासाठी आहे. तुमच्या चार जीबीत झॅबिक्स आहे, अपाचे आहे, पीएचपी आहे, उबंटू स्वतः आहे.

दिवसा का पडत नाही ते सांगते, ही गोष्ट पुष्कळांना चकवते. बफर पूल ३ जीबी लिहिला म्हणून मायएसक्यूएल पहिल्या मिनिटाला ३ जीबी खात नाही. जागा बोलून ठेवतो, पण प्रत्यक्ष पानं वापरात येतील तशी भरतात. दिवसभर झॅबिक्स ताजे आकडे लिहितो, वाचतो, पूल अर्धामुर्धा भरलेला. फ्री कमांड मारली तर सगळं ठीक दिसतं. रात्री अडीचला डम्प सुरू झाला की तो हिस्टरीची टेबलं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतो, वाचलेलं प्रत्येक पान पुलात येतं, आणि पाच मिनिटांत बोलून ठेवलेली सगळी जागा खरोखर भरते. स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) नसेल तर कर्नलपुढे एकच उपाय उरतो: सगळ्यात जाड प्रोसेस बघायची आणि मारायची.

पूल १ जीबी करा. दोन जीबीची स्वॅप फाइल करा. डम्पला सिंगल-ट्रान्झॅक्शन लावा. आणि हिस्टरी, ट्रेंड ही टेबलं डम्पमधून वगळा. तुम्हाला परत हवी असते ती मेहनत, म्हणजे होस्ट, टेम्प्लेट आणि झॅबिक्सचे ट्रिगर, कधी इशारा द्यायचा ते नियम. गेल्या मंगळवारी स्विच क्रमांक १९ चा ट्रॅफिक किती होता हे गेलं तर गेलं.

सुशेगाद
सकाळी ९:५०

किंवा अजून चार जीबी रॅम घाल रे. जुनी स्टिक पाच पैशांना मिळते.

पागोळी
रविवार, रात्री ९:३०

दोन रात्री शांत. अबोलीताईंचं सगळं केलं, वर सुशेगादचंही ऐकलं: दुकानाच्या ड्रॉवरमध्ये जुन्या पीसीची ४ जीबीची स्टिक पडून होती ती लावली. आता ८ जीबी.

म्हणून जोर आला आणि आज सगळ्या स्विचच्या सगळ्या पोर्टवर डिस्कव्हरी (झॅबिक्सने स्वतःच पोर्ट शोधून मोजायला घ्यायची सोय) लावली. तासाभरात सर्व्हर परत उठतो-पडतो. लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' आणि 'प्लीज इन्क्रीज कॅशसाइझ'. फ्री बघतो तर पाच जीबी मोकळी! हा कुठली मेमरी मागतोय?

रात्रपाळी
रविवार, रात्री १०:१५

ही वेगळी मेमरी. सर्व्हर सुरू होताना आपल्यासाठी काही शेअर्ड मेमरीचे डबे बाजूला काढतो. कॅशसाइझ हा त्यातला कॉन्फिगरेशनचा डबा: कुठले होस्ट, कुठले आयटम (मोजायची एकेक गोष्ट), कुठले ट्रिगर, सगळं त्यात मावावं लागतं. डबा भरला की घरात पाच पोती तांदूळ असले तरी त्याला काय उपयोग! व्हॅल्यूकॅश भरली तर तो कुरकुरत, कमी मेमरीच्या मोडमध्ये का होईना, चालतो. कॉन्फिगरेशनचा डबा भरला की मात्र सरळ बंद पडतो. नुसती कॉन्फ फाइल उघडून कॅशसाइझपुढे काय लिहिलंय ते सांगा.

पागोळी
रात्री १०:२०

८एम. सांगू नका, लेखातलीच फाइल. मी फक्त एफपिंगची ओळ बदलली होती.

रात्रपाळी
रात्री १०:२४

वाटलंच. १२८एम करा.

मानकुराद
रात्री १०:५५

डबा मोठा करशील रे, पण त्यात भरतोयस काय ते कोणी विचारलंच नाही. एकूण आयटम किती झाले?

पागोळी
रात्री ११:०१

४६ स्विच गुणिले २४ पोर्ट गुणिले ११ आयटम, आणि ३४० घरांचे प्रत्येकी ९. पंधरा हजारांच्या थोडे वर. सगळे मिनिटाला एकदा.

मानकुराद
रात्री ११:३७

बस खाली, हिशेब ऐक. पंधरा हजार आकडे दर ६० सेकंदांना म्हणजे सेकंदाला २५०. दिवसाला २ कोटी १६ लाख ओळी. एका आकड्याला डेटाबेसात ढोबळ ९० बाइट धर, झॅबिक्सची मंडळी स्वतःच हा आकडा देतात. दिवसाचे झाले जवळपास दोन जीबी. महिन्याला साठच्या आसपास. आणि हे सगळं तुझ्या फिरत्या डिस्कवर, जिला हाउसकीपर जुन्या ओळी पुसायलाही राबवणार.

आमच्या वेळी एमआरटीजी होतं, १९९५ चं. पाच मिनिटांनी एक आकडा, आणि त्यावर आख्खं ऑफिस चालायचं. मग त्याच माणसाने १९९९ मध्ये आरआरडीटूल काढलं. त्याची फाइल पहिल्या दिवशी जेवढी, दहा वर्षांनीही तेवढीच, कारण जुने आकडे सरासरी होऊन त्याच जागेत घड्या घालून बसतात. त्याच वर्षी नेटसेंट आलं, २००२ पासून त्यालाच नागिओस म्हणतात. झॅबिक्स २००१ पासून लोकांच्या हातात आहे. तो प्रत्येक आकडा जसाच्या तसा टेबलात लिहून ठेवतो, हीच त्याची ताकद. पण माणसाने विचार करून आकडे मागितले नाहीत तर तेच ओझं होतं.

२४ पोर्टच्या स्विचला खांबावर किती तारा लागल्यात? चार? पाच? मग उरलेल्या एकोणीस रिकाम्या भोकांची नाडी दर मिनिटाला कशाला बघतोस?

पागोळी
सोमवार, सकाळी ८:४०

काका, रात्रभर झोप नाही. पण पटलं. डिस्कव्हरीला फिल्टर लावला, ज्या पोर्टला लिंक आहे तेवढेच. पोर्टचं नाव, स्पीड असल्या गोष्टी तासाला एकदा. चालू-बंद मिनिटाला, पण 'बदल नसेल तर टाकून दे' ही प्रीप्रोसेसिंगची पायरी लावून. घरांसाठी ९ मधले ३ ठेवले: चालू की बंद, प्रकाशाची पातळी, आणि अंतर. आयटम चार हजारांच्या आत आले. डिस्कचा तो कर्रर्र आवाज थांबला.

रात्रपाळी
सकाळी ९:००

प्रकाशाची पातळी ठेवलीत ते फार बरं केलंत. बी प्लस वर्गाचं ओएनटी (घरातली फायबरची डबी) असेल तर उणे २७ डीबीएमपर्यंत ते तग धरतं. उणे २२ वर असलेलं घर पावसात हळूहळू उणे २५, उणे २६ असं घसरायला लागलं तर कुठेतरी जोडात पाणी शिरलंय किंवा तार मुडपलीय. तुटायच्या आधीच जाता येतं.

आणखी एक. ओएलटीचा सीपीयू बघा. एसएनएमपी ही यंत्रांना आकडे विचारायची भाषा, स्वस्तातल्या ओएलटी तिच्या मोठ्या घासाने गुदमरतात. तसं दिसलं तर होस्टच्या इंटरफेसमध्ये बल्क रिक्वेस्टची खूण काढा.

पागोळी
सकाळी ९:२२

विचारायचंच होतं. मेन अपलिंक, म्हणजे बाहेरून नेट येतं ती लाइन, एक जीबीची आहे. संध्याकाळी आठ-नऊला, ऐन गर्दीत, ग्राफ धाडकन खाली येतो. लोक तर सीरियल बघतायत.

रात्रपाळी
सकाळी ९:३१

एसएनएमपीचं व्हर्जन १ ठेवलंय का? त्यात फक्त ३२ बिटांचे काउंटर. ४२९ कोटी बाइट झाले की काउंटर शून्यावर येतो. एक जीबीच्या लाइनवर भरधाव वाहिलं तर ३४ सेकंदांत. तुम्ही ६० सेकंदांनी बघता, म्हणजे साधारण ५७० एमबीपीएसच्या वर गेलात की मधल्या वेळात काउंटर आख्खा फेरा मारून पुढे गेलेला असतो आणि तुम्हाला शिल्लक तेवढी दिसते. व्हर्जन २सी करा आणि नावात एचसी असलेले ६४ बिटांचे काउंटर घ्या.

पागोळी
सकाळी ९:५८

झालं. गर्दीच्या वेळचा खरा आकडा आज रात्री कळेल. भीती वाटतेय, अपलिंक वाढवायला लागणार.

पागोळी
गुरुवार, रात्री १:२०

आता मात्र हात टेकले. गेल्या तीन दिवसांत पाच वेळा सर्व्हर पडला. वेळ ठरलेली नाही. लॉगमध्ये 'गॉट सिग्नल ११, सिगसेग्व्ह, क्रॅशिंग', मग आकड्यांची लांबच लांब यादी. रॅम भरपूर, कॅशसाइझ १२८एम, डिस्क रिकामी. मायएसक्यूएल जिवंत.

दोन_तारा
सकाळी ८:१५

हा नक्की बग. मी म्हणत होतोच. ७.० वर जा, किंवा लिब्रेएनएमएस घ्या. स्विच-राउटरवाल्यांसाठी तेच बरं, २०१३ मध्ये ऑब्झर्व्हियमपासून फुटून निघालंय.

रात्रपाळी
सकाळी ८:४०

बग असूही शकतो, सिग्नल ११ म्हणजे प्रोग्रॅमने आपली नसलेल्या जागेत हात घातला. पण बग असेल तर तो बहुधा त्याच दाराने येतो. पाचही वेळच्या याद्या शेजारी ठेवून बघा: दर वेळी पडणारी प्रोसेस तीच का? पोलर, हिस्टरी सिंकर, काय? आणि कर्नलच्या लॉगमध्ये 'सेगफॉल्ट' शोधा, झॅबिक्स सोडून आणखी कोणाचं नाव येतं का ते सांगा. हे जास्त महत्त्वाचं.

पागोळी
सकाळी ९:३५

पाच वेळा पाच वेगळे. एकदा पोलर, एकदा ट्रॅपर, एकदा प्रीप्रोसेसिंग... आणि कर्नलमध्ये पीएचपी-एफपीएम दोनदा, पायथन एकदा. काल ॲप्टही मध्येच मेला होता, मी म्हटलं नेट गेलं असेल.

अबोली
सकाळी ९:४१

पहिला सिगसेग्व्ह कधीचा?

पागोळी
सकाळी ९:५०

सोमवार पहाट. म्हणजे... रविवारी स्टिक लावली.

सुशेगाद
सकाळी ९:५२

मी काही बोललो नाही.

रात्रपाळी
सकाळी ९:५८

पायथन आणि ॲप्टला झॅबिक्सच्या बगशी देणंघेणं नाही. मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून पीसी सुरू करा, दुपारभर चालू द्या. आधी दोन्ही स्टिक, मग एकेक. लाल ओळ एक जरी आली तरी ती स्टिक बाद. 'एकच तर एरर आहे' असं म्हणायचं नाही.

पागोळी
गुरुवार, संध्याकाळी ६:४५

बातमी देतो. दोन्ही लावून चौथ्या मिनिटाला पडदा लाल. ड्रॉवरवाली स्टिक काढली आणि खिडकीशी नेऊन बघितली. खालच्या सोनेरी पट्ट्यांपैकी कडेच्या सात-आठ काळपट-हिरव्या, एकीवर तर मिठासारखा पांढरा कण. तो ड्रॉवर खिडकीखालचा, दोन पावसाळे तिथेच पडून होती. पोराचं खोडरबर घेऊन घासली, पट्ट्या चकचकीत झाल्या. परत लावली. एरर तीनशेवरून अकरावर आल्या. स्लॉट बदलला, एरर स्टिकच्या मागोमाग दुसऱ्या स्लॉटमध्ये. जुनी चार जीबी एकटी ठेवली तर दोन फेऱ्या पूर्ण, एकही एरर नाही.

म्हणजे ज्या चार जीबीला मी शिव्या देत होतो ती गुणी होती. परत चार जीबीवर आलो. आयटम कमी केल्यामुळे आरामात चालतंय, स्वॅपला हातही लागलेला नाही.

अबोली
संध्याकाळी ७:१०

एक काम राहिलं. ती स्टिक असताना मायएसक्यूएलनेही तीन-चार दिवस लिहिलंय. मायएसक्यूएलचेक एकदा सगळ्या टेबलांवर फिरवा, चुकीच्या मेमरीतून काही वाकडं डिस्कवर गेलं नाही ना बघा.

पागोळी
रात्री ८:३०

फिरवलं. सगळीकडे 'ओके'. हिस्टरीला बराच वेळ लागला, तोवर जेवून घेतलं.

दोन_तारा
रात्री ८:४४

मान्य, बग नव्हता. डॉकरमध्येही पडलं असतं.

मानकुराद
रात्री ८:५०

हे लिहिलंस ते बरं केलंस.

पागोळी
पुढच्या मंगळवारी, सकाळी ७:५०

काल रात्री चोर्ल्याच्या बाजूने वारं सुटलं. ४:०८ ला मोबाइल वाजला: एकाच वाड्यावरची सतरा घरं एकदम बंद, पलीकडची सहा उणे २६ वर. सतरा बंद आणि सहा अंधूक, म्हणजे तुटलंय ते स्प्लिटरच्या (एका फायबरच्या अनेक फांद्या करणाऱ्या डबीच्या) पुढे आणि फांदी अजून तारेवर लोंबतेय, एवढं अंथरुणातच कळलं. पहिला फोन ५:२५ ला आला. तोवर शिडी गाडीवर चढली होती. त्याला म्हटलं, हो, निघालोय. तो इतका गोंधळला की शिव्या द्यायचाच विसरला.

सुशेगाद
सकाळी ७:५८

आता त्या चवथीपासून मेलेल्या स्विचचं बघ.

अबोली
सकाळी ८:२०

छान वाटलं वाचून. अडीचचा बॅकअप रोज होतोय ना? तो दुसऱ्या कुठल्या मशीनवर परत चढवून पाहिलात का कधी?

पागोळी
सकाळी ८:२२

...रविवारी बघतो.